सात कच्चे चिकू

संक्रांत मागे पडली की चिंचणीकडून बोईसरला येणाऱ्या रस्त्यावर चिकूचे टेम्पो वाढतात. सकाळच्या गारव्यात कारखान्यांचा आंबूस वास जमिनीलगत बसून राहिलेला असतो आणि मध्येच एखादा टेम्पो गेला की त्यातून गुळासारखा गोड वास सुटतो. सरावलीतल्या आमच्या खोलीपासून बोईसर स्टेशनपर्यंत मी हर्षदाला मोटारसायकलवर सोडतो. तिथून ती पालघरला पतपेढीत कामाला जाते, मी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. टेम्पो पुढे गेला की ती मागून माझ्या कानाशी सांगते, "वरच्या क्रेटमधला माल उद्यापर्यंत टिकणार नाही." मी हेल्मेटमधून मान हलवतो. चिकूच्या बाबतीत तिचं नाक खोटं बोलत नाही.

दरवर्षी या दिवसांत मला एक हंगाम आठवतो. तो इथला नाही, इथून चार हजार किलोमीटरवरचा आहे. पण त्यातही चिकूच होते.

आमचं घर विक्रमगडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. पावसाच्या पाण्यावर थोडा भात आणि हलक्या, वरकस जमिनीत नागली, म्हणजे नाचणी होते. दिवाळी झाली की आईबाबा चिंचणीला चिकूच्या वाडीत कामाला उतरायचे, ते होळीला घरी परतायचे. मी आश्रमशाळेत शिकलो, मग पालघरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा बाबा चिखलात उभे होते.

"आता किती वरसां राहिली?" त्यांनी विचारलं.

"संपलं, बाबा. पदवी झाली."

"बरा झाला. मग उतर खाली, आवण लावायचाय."

मी पँट दुमडून चिखलात उतरलो. बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षा भराभर भाताची रोपं लावत होते आणि शेजारच्या शेतातल्या माणसाला मोठ्यानं सांगत होते, "पोरगा आलाय. संपला त्याचा." त्यांना झालेला आनंद मला त्या आवाजावरून कळला.

त्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहाला मदत करणाऱ्या संस्थेनं जिल्ह्यातली नुकतीच पदवी घेतलेली दहा मुलंमुली निवडली. बारा दिवस व्हिएतनामला न्यायचं होतं, तिथल्या शेतकऱ्यांचं फळप्रक्रियेचं काम पाहायला. सगळा खर्च संस्थेचा. आमच्या वसतिगृहाच्या मॅडमनी माझं नाव पाठवलं होतं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस आमच्या पाड्यावर आले, तेव्हा मी घरात भात खात बसलो होतो. आई दारात उभी राहिली.

"संदीप इथंच राहतो ना?"

"नाय."

"मग कुठं राहतो?"

"आमाला नाय ठाव."

मी हात न धुताच बाहेर आलो. पोलीस माझ्याकडे पाहून हसले आणि आईला म्हणाले, "मावशी, तो परदेशात चाललाय, तुरुंगात नाही." आईचा विश्वास बसायला संध्याकाळ झाली. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "तुला नेयाला आलं असतं तर?" लेकासाठी खोटं बोलल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. मला मात्र आजही ते आठवलं की तिच्या पाया पडावंसं वाटतं.

विमानतळावर, आमच्याबरोबर येणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितलं. नाव, गाव, वडील काय करतात. माझ्या आधी जिची पाळी होती ती म्हणाली, "हर्षदा. चिंचणी. आमची चिकूची छोटी वाडी आहे, वडील तीच बघतात." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "शेती." ते खोटं नव्हतं. पण दिवाळी ते होळीमधले महिने मी गाळून टाकले. कॉलेजची सगळी वर्षं मी ते असेच गाळत आलो होतो. कुणी चिडवलं होतं असंही नाही. मीच गप्प राहत होतो. आणि आता तर समोर चिंचणीचीच मुलगी होती. विमानात मी तिच्यापासून चार रांगा मागे बसलो आणि ते बरं झालं असं स्वतःला सांगितलं.

मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक फाट्यांनी पसरते, त्यातल्या एका फाट्यावरच्या बाजाराच्या गावात आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. त्यांचं नवं वर्ष जवळ आलं होतं. नदीतून पिवळ्या फुलांच्या कुंड्यांनी भरलेल्या होड्या येत होत्या. एखादं अंगणच पाण्यावर सोडून द्यावं तशा. हवा मात्र आपल्या चैत्रासारखी उबदार. थंडी असेल म्हणून आईनं दिलेला लोकरीचा स्वेटर पिशवीत तसाच पडून होता. बाजारात मासळीचा, ओल्या पालेभाज्यांचा, तळणाचा वास. आणि त्या सगळ्यात माझ्या ओळखीचा एक वास आला, म्हणून मी वळलो. एका म्हातारीपुढे टोपलीत चिकू होते. लांबट, थोडे तांबूस, पण चिकूच.

मी खाली वाकलो. पुढचं माझ्या हातानं केलं, डोक्याला विचारलं नाही. चिकू काढताना झाड बदललं की पहिल्या फळावरचा भुसा अंगठ्यानं पुसायचा आणि नखानं बारीक रेघ मारून पाहायची. रेघ हिरवी दिसली तर फळ कच्चं, पिवळसर दिसली तर काढायला हरकत नाही. बाबांनी मला हे सहावीच्या सुट्टीत शिकवलं. त्या टोपलीतला पहिला चिकू मी पुसला, रेघ मारली, हिरवी. दुसरा, हिरवी. तिसरा. मी ओळीनं पुढे जात राहिलो, आणि म्हातारीनं माझा अंगठा पकडला तेव्हाच थांबलो.

ती बरंच काही बोलली. माझा अंगठा वर धरून तिनं आजूबाजूच्या बायकांना दाखवला. त्या हसायला लागल्या. आमचा वाटाड्या धावत आला आणि त्यानं इंग्रजीत समजावलं की नख मारलेले चिकू आता कुणी घेणार नाही, ते मलाच घ्यावे लागतील. माझे कान तापले होते. मागून हर्षदा आली.

"किती मारलीस?"

"सात."

"एकावरून कळलं नाही?"

"प्रत्येक झाड वेगळं असतं."

"ही टोपली आहे," ती म्हणाली आणि इतकी हसली की म्हातारीही राग विसरून हसायला लागली. सात चिकू म्हातारीनं केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले आणि वर एक संत्रं ठेवलं. ते बहुधा माझ्या अंगठ्याची भरपाई म्हणून.

बाकीचे सगळे होडीत बसायला गेले. आम्ही दोघं नदीच्या कट्ट्यावर थांबलो, कारण होडीत जागा दुसऱ्या फेरीला होती. हर्षदानं एक चिकू घेतला, रेघ पाहिली.

"वाडीवाला नख लावत नाही," ती म्हणाली. "डाग पडतो, व्यापारी भाव पाडतो. आमच्या अण्णांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, कुणी नख लावलं तर ते दिवसभर बडबडतात. नख लावतो तो काढणारा, नाहीतर व्यापारी. आणि तू काही व्यापारी दिसत नाहीस."

पिवळ्या फुलांची आणखी एक होडी गेली.

"आईबाबा काढतात," मी म्हणालो. "चिंचणीलाच. मीही काढलेत, सुट्टीत."

"मग त्या दिवशी शेती का म्हणालास?"

"शेतीपण आहे."

"आहे ना? मग दोन्ही सांगायचं."

एवढंच. तिनं मान तिरकी केली नाही, आवाज मऊ केला नाही, मला समजून घेतल्याचं दाखवलं नाही. उन्हात बसलेल्या माणसाला थोडं सरकून बस म्हणावं, तशी ती म्हणाली. आणि मी खरंच सरकून बसलो. इतकी वर्षं छातीवर घेऊन हिंडलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं आणि लगेच पुढचं विचारलं होतं.

"कच्चेच आहेत ना?"

"पार कच्चे. पिकायचे नाहीत. सुकतील."

"पिकवले तर पिकतील. पेंढा हवा."

"इथं कुठला पेंढा?"

तिनं माझ्या पिशवीत हात घातला आणि स्वेटर बाहेर ओढला.

पुढचे आठ दिवस ते सात चिकू आईच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आमच्याबरोबर फिरले. बस बदलली, मुक्काम बदलला, ते माझ्या मांडीवर. रोज संध्याकाळी जेवण झालं की हर्षदा यायची, आम्ही हॉटेलच्या ओट्यावर बसून स्वेटर उघडायचो, एकेक दाबून पाहायचो आणि पुन्हा गुंडाळायचो. हे सगळं पाच मिनिटांचं काम. आम्हाला तास लागायचा. तिनं मला अण्णांच्या स्वभावाच्या गमती सांगितल्या. मी तिला आश्रमशाळेतल्या सकाळच्या रांगेबद्दल सांगितलं, नागलीच्या भाकरीबद्दल सांगितलं, आणि आईनं पोलिसांना काय उत्तर दिलं तेही. ती कधी एकदम गप्प होऊन ऐकायची, कधी मध्येच म्हणायची, "थांब, हे परत सांग." माझं कुणी परत सांग म्हणण्याइतकं ऐकलेलं नव्हतं. आमच्यातला सफाळ्याचा नीलेश रोज जाता जाता विचारायचा, "बाळंतीण कशी आहे?" हर्षदा सांगायची, "सुखरूप आहे, आवाज करू नकोस." मॅडम सगळं बघत होत्या आणि काही बघत नसल्यासारखं वागत होत्या.

परतीच्या दिवशी विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही स्वेटर शेवटचा उघडला. चार पिकले होते. तीन सुकून लाकूड झाले होते.

"बघ," ती म्हणाली, "चार."

"मी म्हणालो तसे तीन सुकले."

"चार म्हणजे जास्त."

चार चिकू दहा जणांत वाटले. माझ्या वाट्याला आलेली फोड मी जिभेवर बराच वेळ ठेवली. नीलेशनं विचारलं, आपल्यापेक्षा गोड आहेत का. हर्षदा म्हणाली, मुळीच नाही. मला ते गोड लागले होते, पण मी तिच्या बाजूनं मत दिलं. प्रेम म्हणजे काय ते मला नीट सांगता यायचं नाही. पण चिकूच्या गोडीबद्दल मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, ते त्या बसमध्ये.

परत आल्यावर मला कारखान्यात नोकरी लागली, सरावलीत खोली घेतली. बोईसर-चिंचणी हे अंतर किती थोडं आहे, हे मला व्हिएतनामला जाऊन आल्यावर कळलं. रविवारी ती बाजाराच्या निमित्तानं बोईसरला यायची. बाबांना मी म्हणालो, आता वाडीचं काम सोडा. ते म्हणाले, "हात रिकामे ठेवून काय करू?" दिवाळी झाली की दोघं चिंचणीला उतरतच राहिले; फक्त आता रविवारी माझ्या खोलीवर मुक्काम करायचे.

एका रविवारी मी त्यांना हर्षदाचं नाव सांगितलं. आई गॅसपाशी उभी होती, तिनं ज्योत बारीक केली. बाबांनी विचारलं, "कुणाची?"

मी अण्णांचं नाव घेतलं.

बाबा ज्या वाडीत काम करायचे तिला लागूनच अण्णांची वाडी. माल जास्त आला की चार दिवस बाबा अण्णांकडेही जायचे. त्यांच्या मागच्या पडवीत शनिवारी उभं राहून मजुरी घ्यायचे. हे मला माहीत होतं. तरी बाबांचा चेहरा पाहिला तेव्हाच मला त्याचा अर्थ लागला.

"त्या घरात?" ते म्हणाले. "नाय जमायचा."

मी ज्याला घाबरत होतो तो नकार चिंचणीहून येईल असं धरून चाललो होतो. तिथंही सगळं गोड नव्हतं. हर्षदाच्या काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण अण्णांनी महिनाभर तिच्याकडे पाठ करून पेपर वाचला आणि मग विचारलं, "मुलगा नोकरीत कायम आहे का?" नकार आला तो माझ्याच खोलीतून. मी समजावायला गेलो की बाबा उठून बाहेर जायचे. हर्षदानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या बाबांनी मनापासून हो म्हटलं तरच. मान खाली घालून माझ्या घरी आलेला सासरा मला नको." आणि बाबा मान वर करून त्या घरात कसे जाणार, ते मला काही केल्या सुचत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी अण्णा स्वतःच आले. स्कूटर लावून, नंबर विचारत विचारत सरावलीच्या चाळीत. पांढरा सदरा, हातात घरच्या केळ्यांचा फणा. खोलीत एकच खाट, तिच्यावर मी त्यांना बसवलं. बाबा भिंतीशी उभे राहिले.

"देवजी, बस की."

"बरा हाय मी."

"अरे, मुलीचा बाप दारात आलाय. आमच्यात मुलीकडच्यांनीच यायचं असतं. बस."

बाबा बसले नाहीत. अण्णा म्हणाले, "टोकाचा चिकू काढायचास तू, जिथं कुणाची काठी पोचायची नाही तिथला. आठवतं मला. मुलगी द्यायला मी तयार आहे. तू काय म्हणतोस?"

"सांगतो इचारून," बाबा म्हणाले. कुणाला विचारून, ते बोलले नाहीत.

अण्णांनी चहा अर्धाच घेतला. स्कूटर सुरू करताना त्यांचा चेहरा पडलेला होता. संध्याकाळी हर्षदाचा फोन आला. "नाही म्हणाले का रे?" तिनं विचारलं. तिचा आवाज मी त्याआधी इतका लहान झालेला ऐकला नव्हता.

तो आठवडा मी प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची तीनतीनदा तपासणी केली. पुढच्या रविवारी बाबा वाडीतून आले, हातपाय धुतले, आणि जेवायच्या आधीच म्हणाले, "अण्णा आला ते चुकला त्याचा."

"काय चुकलं?"

"आमच्यात मुलाकडचे जातात, मागायला. तो येऊन देऊन गेला." बाबा अंगठ्यावरचा काळा पडलेला चीक दुसऱ्या अंगठ्यानं घासत होते. "आजवर त्यानं दिला तो घेतला मी. सून तशी नाय घ्यायची. सून मी मागून आणणार."

आई म्हणाली, "मग आठ दिवस बोलला काय नाय?"

"शब्द जुळवत होतो."

दोन दिवसांनी गावाहून मामा आला. त्याचं म्हणणं, रीतीप्रमाणे दारूची बाटली न्यायला हवी. बाबा म्हणाले, "नारळ घे. अण्णाची बायको बाटलीसकट बाहेर काढील." आम्ही चौघं चिंचणीला उतरलो. वाडीच्या कुंपणाला वळसा घालून बाबांचे पाय सवयीनं मागच्या वाटेकडे वळले, थांबले, आणि पुन्हा पुढच्या फाटकाशी आले. आईनं पदर सारखा केला.

अण्णा ओटीवर आरामखुर्चीत होते. आम्हाला पाहून दचकले. "अरे, देवजी. या, या. बसा."

"बसतो," बाबा म्हणाले. "आधी इचारायचा हाय. इचारल्याबिगर बसायचा नाय, आमच्यात."

हर्षदा आतल्या दारात आली होती. तिची आई तिच्या मागे. मामानं नारळ बाबांच्या हातात दिला. बाबांनी जुळवलेले शब्द बरेच असावेत, कारण त्यांचे ओठ दोनदा हलले. पण बाहेर आले ते एवढेच:

"अण्णा, मी देवजी. माझा पोरगा शिकलेला हाय, निर्व्यसनी हाय. त्याच्यासाठी तुमची पोरगी मागायला आलोय. द्याल?"

दहा दिवसांपूर्वी जे आपण होऊन देऊन गेले होते, ते अण्णा हसून म्हणू शकले असते की अहो, मी तर हो म्हणूनच गेलो. ते तसं म्हणाले नाहीत. खुर्चीचे हात धरून हळूहळू उठले, सदरा खाली ओढला आणि बाबांच्या समोर येऊन उभे राहिले. वयानं दोघं सारखेच असतील, हे मला तेव्हा दिसलं.

"दिली," अण्णा म्हणाले. "आता तरी बसा, देवजीभाऊ."

ओटीवर दोन खुर्च्या होत्या. अण्णांनी आपली आरामखुर्ची सोडून साधी घेतली. बाबा आरामखुर्चीत बसले, आधी काठावर. मग आतून हर्षदा पाणी घेऊन आली, ते त्यांनी सावकाश संपवलं, भांडं तिच्या हातात परत दिलं आणि पाठ टेकली.